दोन पडदे, एक मान

जळगाव-धुळ्यात करसल्लागारांची कार्यालये, व्यापारी पेढ्या आणि छापखाने यांच्या टेबलांवर एकाऐवजी दोन मॉनिटर दिसू लागले आहेत. एकावर बिल, दुसऱ्यावर खाते. काम झटपट उरकते हे खरे. पण पडदे दोन झाले तरी मान एकच आहे, याचा विचार क्वचितच होतो.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते मणक्यावर सरळ तोललेले असेल तोवर स्नायूंना फारसे कष्ट नाहीत. तेच दिवसभर एका बाजूला वळवून ठेवले, की मान आखडते, खांदा भरून येतो. मग नुसते मलम चोळून भागत नाही. बैठकच बदलावी लागते.

मुख्य कामाचा पडदा नाकासमोर, हातभर अंतरावर ठेवावा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. दुसरा त्याला लागून, थोडा आपल्याकडे वळवलेला. दोन्हींवर सारखेच काम असेल, तर त्यांचा सांधा समोर घ्यावा. दुहेरी भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी पडदे आणखी खाली घ्यावेत, नाहीतर हनुवटी वर करून वाचण्याची खोड जडते.

आता संगणकाच्या आतली मांडणी. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्या सी-डॅक संस्थेनेही तिच्यावर आधारित ‘बॉस’ प्रणाली २००७ साली आणली. लिनक्समध्ये समोरचा पडदा ‘मुख्य’ ठरवता येतो, अक्षरे आणि माऊसचा बाण मोठा करता येतो. टेबलावर डावीकडे असलेला पडदा सेटिंगमध्येही डावीकडेच ठेवावा, म्हणजे बाण शोधत मान फिरवावी लागत नाही. दोन्ही पडद्यांचा उजेड सारखा ठेवावा. रात्री पडदा पिवळसर करण्याची सोय डोळ्यांना सुखावते, पण ती विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय एकाच मॉनिटरवर अनेक ‘वर्कस्पेस’ उघडता येतात. दुसऱ्या पडद्याकडे क्वचितच पाहायचे असेल, तर तो विकत घेण्याआधी ही सोय वापरून पाहावी.

खानदेशचा उन्हाळा कोरडा. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यात कूलरचा झोत तोंडावर असला की डोळे चुरचुरतात. झोत बाजूला वळवावा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

आमचे स्पष्ट मत असे, की ही जबाबदारी एकट्या कामगाराची नाही. मालक दुसऱ्या मॉनिटरसाठी हजारो रुपये मोजतो, पण खुर्ची मात्र प्लॅस्टिकचीच राहते! प्रणाली फुकट मिळत असेल, तर वाचलेला पैसा पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीवर खर्च व्हावा. तासाला पाच मिनिटे उठण्याची मुभा म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील किंवा पकड सैल पडत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. बिघडलेला पडदा बदलता येतो. मानेचा मणका तसा बदलून मिळत नाही.