मत हे बक्षीस नाही

‘मत फुकट मिळतं म्हणून त्याची किंमत राहिली नाही. दोन वर्षं सैन्यात किंवा देशसेवेत काढतील त्यांनाच मताचा अधिकार द्या.’ हे तुम्हीही ऐकलं असेल. निवडणूक जवळ आली की आमच्या लालबाग-परळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज हमखास येतो. पाठवणारे सगळेच वाईट नसतात. मतदानाच्या आदल्या रात्री पैसे वाटणारे आणि निवडून आल्यावर तोंड न दाखवणारे पुढारी त्यांनी पाहिलेले असतात. त्यांचा राग खरा आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र आपल्या मुळावर येणारा आहे. आणि ‘आपल्या’ म्हणजे फक्त मुसलमानांच्या नाही.

ही अट कागदावर स्वच्छ दिसते. सेवा करा, मत मिळवा. धर्म नाही, जात नाही. पण कोणती सेवा मोजायची आणि त्या सेवेत कोणाला घ्यायचं, हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात भरतीचं दार, त्याच्याच हातात मतदार यादी. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपल्याच मुंबईने ते पाहिलं आहे.

१९१९ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात मत मिळायचं ते मालमत्ता, घरभाडं, शेतसारा, आयकर यांच्या हिशोबाने. त्याशिवाय आणखी एक वाट होती, ती म्हणजे सैन्यातली नोकरी. निवृत्त किंवा पेन्शनर सैनिकाला मत होतं. १९३५ च्या कायद्यात सैनिकाची पेन्शन घेणारी विधवा किंवा आईही मतदार होऊ शकत होती. कमी भाड्याच्या खोलीत राहणारी, अक्षरओळख नसलेली गिरणी कामगार बाई मात्र बहुधा बाहेरच राहायची. तिचे कष्ट मोजले जात नव्हते.

आता त्या सैन्याचं दार बघा. महार समाज कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या सैन्यात होता. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून त्यांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. दार उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. म्हणजे जो समाज पिढ्यान्‌पिढ्या बंदूक खांद्यावर घेत आला, त्याला सेवेच्या दारातून हाकलायचं, आणि मग त्याच दारातून आत येणाऱ्याला मत द्यायचं!

परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या एका सुभेदाराच्या मुलाला हे पुरतं कळलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘आमच्या बापजाद्यांनी रक्त सांडलं, म्हणून आम्हाला मत द्या’ एवढंच म्हणून थांबता आलं असतं. सायमन कमिशनच्या वेळी, मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी मागितला तो सगळ्या प्रौढांचा मताधिकार, स्त्रिया आणि पुरुष दोघांचाही. मताला कर्तबगारीचं बक्षीस म्हटलं की ज्याला कर्तबगारी दाखवायची संधीच नाकारली तो कायमचा बाहेर राहतो, हे त्यांच्या समाजाने भोगलं होतं.

आपल्या घरांत याचा दुसरा पुरावा आहे. रत्नागिरी-रायगडच्या किती मुसलमान कुटुंबांत आजोबा-पणजोबा जहाजावर होते! दोन्ही महायुद्धांत व्यापारी जहाजांवरचे खलाशी बुडाले. मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. पण वर सांगितलेल्या सैनिकी अटीत व्यापारी जहाजाचा खलाशी बसत नव्हता. युद्धातला मृत्यू तोच, पण सेवेची व्याख्या वेगळी. आजही बघा. घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकेला सरकार पगार देत नाही, मानधन देतं, कारण कागदावर ती कर्मचारी नसून स्वयंसेविका आहे. जे सरकार तिच्या कामाला नोकरी म्हणायला तयार नाही, त्याच्याच हातात ‘खरी देशसेवा’ मोजण्याचा तराजू द्यायचा का?

आणि फेब्रुवारी १९४६ चं काय? ‘तलवार’वरच्या नौसैनिकांनी संप केला. त्यांच्या समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. परळमध्ये गोळीबारात कमल दोंदे गेल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. सरकारच्या नजरेत ते नौसैनिक शिस्त मोडणारे बंडखोर ठरले आणि त्यांतल्या कित्येकांना नोकरीतून काढलं. सेवेवर मत ठरवायचं असेल, तर त्यांना द्यायचं की नाही? जो सरकारपुढे मान झुकवतो तोच ‘सेवक’ ठरणार असेल, तर सरकार बदलायचं कोणी?

विरोधक म्हणतील, ‘आता इंग्रज नाहीत. सेवा सर्वांना खुली ठेवू, सैन्याऐवजी दवाखान्यात काम चालेल.’ हा त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, म्हणून त्याचंच उत्तर देतो. ज्या घरात एकाच्या पगारावर सहा माणसं जेवतात, तिथला मुलगा दोन वर्षं कशी देणार? अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी सून कुठल्या छावणीत हजेरी लावणार? दोन्ही पाय गमावलेल्या माणसाचं काय? त्यांच्यावर कायदा चालणार, बिस्किटाच्या पुड्यावरचा जीएसटी ते भरणार, पण कायदा करणारा निवडताना ते गप्प बसणार. ज्या इस्रायलचं उदाहरण आपल्याकडे उठसूट देतात, तिथेही सैन्यात न गेलेल्या अरब नागरिकांना मत आहे. आपल्या सैनिकाला पोस्टाने मत पाठवायची सोय आहे, ती असायलाच हवी. पण त्याचंही मत एकच. संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ नागरिक एवढीच ओळख धरली, आणि १९८९ पासून ते वय १८ आहे.

आपल्यासाठी हा वाद पुस्तकी नाही. १२ एप्रिल २०१५ रोजी ‘सामना’त संजय राऊत यांनी लिहिलं होतं की मुसलमानांचा मतपेढी म्हणून होणारा वापर थांबवायचा तर त्यांचा मताधिकार काढून घ्यावा. २०२४ च्या लोकसभेला त्याच शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे उमेदवार मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांत मतं मागत होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. मत हातात होतं, म्हणून त्यांना दारात यावं लागलं आणि आपल्याशी बोलावं लागलं. मत नसतं तर ना ते आले असते, ना आपल्याला त्यांना प्रश्न विचारता आले असते.

आता थोडं आपल्याच मुलामुलींशी. असा मेसेज आला की आपण लगेच यादी पाठवतो: ब्रिगेडियर उस्मान, परमवीर अब्दुल हमीद. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण त्यांची नावं भाड्याच्या पावतीसारखी दाखवू नका. पावती दाखवली म्हणजे आपण भाडेकरू आहोत हे मान्य केलं. आणि ज्याच्या घरात कोणी शहीद नाही, त्या भेंडीबाजारच्या हमालाचं काय? तो कमी नागरिक आहे का? उत्तर यादीने देऊ नका. ‘मी प्रौढ नागरिक आहे’ एवढं पुरेसं आहे. तेच उत्तर शेजारच्या गणपत मास्तरांनाही लागू पडतं, म्हणून ते पक्कं आहे.

मताची किंमत वाढवायचीच असेल तर ते वापरा. मतदार यादीत आपलं नाव तपासा. नसेल तर फॉर्म ६ भरा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभर थांबावं लागत नाही. चाळ पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही संक्रमण शिबिरात गेलात, तर फॉर्म ८ भरून पत्ता बदला. शेजारच्या आजीचंही नाव बघा, मग ती आपली दादीअम्मा असो की समोरच्या खोलीतली मावशी. देशसेवा करायची हौस असेल त्याने इथून सुरुवात करावी. पण ती केली नाही तरी त्याचं मत शाबूत राहील, आणि ते तसंच राहायला हवं.