संप आणि आसरा

संप म्हटलं की आपल्याला एसटीचा संप आठवतो, नाहीतर घरासमोर जमिनीखाली बांधलेली पाण्याची टाकी. मी म्हणतोय तो तिसराच! माशांच्या टाकीखाली, स्टँडच्या कपाटात लपलेली दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी पाइपातून खाली येतं, तिथं स्वच्छ होतं आणि एक छोटी मोटर ते पुन्हा वर ढकलते. या खालच्या टाकीचा एक कप्पा वनस्पतींना दिला की त्या कप्प्याला रेफ्युजियम म्हणतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उदगीरसारख्या गावात ज्याला मोठी टाकी ठेवायची आहे, त्याने आधी संप बांधावा आणि मग मासे आणावेत. संप जमत नसेल तर मोठी टाकी नको.

का, ते सांगतो. आमच्याकडे माशांची टाकी बघितली की एखादा पाहुणा म्हणतोच, "लोकायला प्यायला पाणी नाही अन् ह्यायला मासे सुचायलेत." हे बोलणं हसण्यावारी नेता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या 'जलदूत'च्या १० वाघिणींमध्ये मिळून ५ लाख लिटर पाणी आलं. ज्या जिल्ह्याने हे बघितलंय, तिथे शोभेसाठी पाणी वापरणाऱ्याला हिशेब द्यावाच लागतो.

तर हिशेब असा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. दर आठवड्याला पाव पाणी बदला, असा नेहमीचा सल्ला असतो. म्हणजे आठवड्याला ४७-४८ लिटर, तीन घागरी. महिन्याला जवळपास अख्खी टाकी गटारात! नळाची वाट बघत भांडी मांडणाऱ्या घरात हे पटणार कसं?

पाणी बदलायचं कशासाठी? माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो, तो विषारी. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. साधा फिल्टर इथपर्यंत आणून सोडतो. नायट्रेट मात्र पाण्यात साठत राहतं, आणि ते काढायला आपण पाणी फेकतो. पण नायट्रेट म्हणजे तरी काय? खतच की! शेतकऱ्याच्या गावात हे वेगळं सांगायला नको. रेफ्युजियममधल्या वनस्पती ते खाऊन वाढतात, आपण वाढलेला भाग कापून काढायचा. घाण पानांच्या रूपाने बाहेर जाते, पाणी घरातच राहतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात प्रवाळांच्या टाक्यांसाठी हेच तत्त्व वापरलं. दिव्याखाली शेवाळ वाढवायचं आणि खरवडून काढायचं. आपल्या गोड्या पाण्याला तर मनी प्लांटही चालतो. मुळं पाण्यात, पानं बाहेर.

बांधायला अवघड नाही. एखादी जुनी ६० लिटरची टाकी घ्या आणि आत काचेच्या पट्ट्या चिकटवून तीन कप्पे करा. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलंच हवं, बुरशीरोधक माशांना घातक असतं. पहिल्या कप्प्यात गाळ अडवायला स्पंज आणि जिवाणूंना घर म्हणून भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या नव्या कोऱ्या घासण्या. दुसऱ्यात वनस्पती, तिथं पाणी सावकाश वाहू द्यायचं. तिसऱ्यात मोटर. वनस्पतींवरचा दिवा मी रात्री लावतो. वरच्या टाकीत अंधार असताना खालचं प्रकाशसंश्लेषण चालू राहतं आणि पाण्याचा सामू फार खालीवर होत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. लाइट गेली की मोटर थांबते आणि वरचं थोडं पाणी खाली उतरतं. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण साडेदहा लिटर! दोन इंच उतरलं तर एकवीस. तेवढी जागा संपात कायम रिकामी ठेवावी लागते, आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक पाडावं लागतं, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. मोटर मुद्दाम बंद करून हे एकदा तपासा. नाहीतर महावितरण तपासणारच आहे, न सांगता :)

आता उलट बाजूही सांगायला हवी. संप पाणी निर्माण करत नाही. उलट पाण्याचा पृष्ठभाग वाढल्यामुळे बाष्पीभवन वाढतं, म्हणून वर-खाली दोन्हीकडे झाकण हवं. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे दिवसाला दोन-तीन लिटर तरी उडतं. आणि उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. त्यात बोअरचं जड पाणी भरत राहिलं तर क्षार वाढतच जातात, आणि वनस्पती ते सगळे खात नाहीत. म्हणून पावसाळ्यात गच्चीवरून धरलेलं पाणी मी भर घालायला राखून ठेवतो. तरीही महिन्याला २५ लिटर बदलतोच. ते कढीपत्त्याला आणि जास्वंदीला जातं. मासेही मोजकेच. टाकीत गर्दी केली तर कुठलाच रेफ्युजियम पुरत नाही.

रेफ्युजियम म्हणजे आश्रयस्थान. आमच्या संपात गप्पी माशांची पिल्लं मुळांमध्ये लपून मोठी होतात. हेच ते गप्पी, जे आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला हौदांत आणि विहिरींत सोडतं. मला या कप्प्यासाठी 'आसरा' हा शब्द आवडतो. आपल्याकडे विहिरीकाठी, तळ्याकाठी साती आसरा पुजतात. तो शब्द अप्सरांवरून आला म्हणतात, म्हणजे नातं फक्त उच्चाराचं. पण पाण्यात कुणीतरी राहतं, त्याची आठवण ठेवावी, हा भाव मला दोन्हीकडे दिसतो.

आणि एवढ्याशा टाकीत जे कळतं ते गावालाही लागू आहे. नदी-तलावावर जलपर्णी माजली की आपण जलपर्णीला शिव्या देतो. पण ती सांडपाण्यावरच पोसते. तिला नुसतं काढून उपयोग नाही, आणि सांडपाणी येतच राहिलं तर ती पुन्हा येणारच. टाकीत हे विसरलो तर आठवड्यात मासे सांगतात, गावात सांगायला वर्षं लागतात. म्हणून मला वाटतं, ज्या घरातल्या पोरांनी वापरलेलं पाणी खालच्या कपाटात स्वच्छ होऊन परत वर जाताना रोज बघितलंय, ती उद्या सांडपाण्याच्या नळाचं दुसरं टोक कुठं उघडतं ते विचारतील.

पाहुण्यांना मी आता आधी खालचं कपाट उघडून दाखवतो, मासे नंतर. पाण्याचा प्रश्न तरीही विचारतात, आणि विचारावाच. बघा पटतंय का.