गावाचे नाव, माणसाचे नाव

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याचे दिवस आले की एखादी मुलगी हळूच माझ्याजवळ येते. "सर, माझे नाव बदलता येईल का? सगळ्या हसतात. म्हणतात, हे तर शहराचे नाव आहे!" माझ्या मते असे नाव बदलू नये. का, ते ऐका.

माझ्या दादीचे नाव मदिनाबी होते. आमच्या शेजारी काशीबाई राहत. दोघी एकाच नळावर पाणी भरत. दादीने कधी मदिना शहर पाहिले नाही आणि काशीबाईंनी काशी पाहिली नाही. प्रवासाला पैसे कोणाजवळ होते? पण दोघींच्या आईवडिलांनी आपल्या मनातले शहर मुलीच्या नावाने घरी आणले. मुलीला हाक मारली की त्या शहराचे नाव तोंडी येई.

मदिन्याचे जुने नाव यसरिब. इ. स. 622 मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) हिजरत करून तेथे गेले. मग लोक त्याला 'मदीनतुन्नबी', म्हणजे नबींचे शहर, म्हणू लागले. नुसत्या 'मदीना' शब्दाचा अर्थ शहर एवढाच. काशी हा शब्द 'चमकणे' या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आला आहे.

सफा नावाच्या मुलीला मुले 'साफसफाई' म्हणून चिडवतात. सफा आणि मरवा या मक्केतील, काबागृहाजवळच्या दोन लहान टेकड्या. तहानेने व्याकूळ झालेल्या बाळ इस्माईलसाठी पाणी शोधत हजरत हाजरा या टेकड्यांच्या मधून सात वेळा धावल्या. टेकडीच्या नावातील सफा म्हणजे गुळगुळीत खडक आणि मरवा म्हणजे पांढरी गारगोटी. नावे दगडांची खरी, पण त्यांत एका आईची धावपळ आहे. चिडवणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

युरोपातही अशी नावे आहेत. फ्लोरेन्स नाइटिंगेल 1820 मध्ये इटलीतील फ्लोरेन्स शहरात जन्मली, म्हणून तिचे ते नाव. तिची थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली. तिला त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. (हे नाव फळ्यावर लिहिताना मीसुद्धा अडखळतो.) पुढे क्रिमियाच्या युद्धात फ्लोरेन्सने जखमी सैनिकांची सेवा केली आणि कितीतरी घरांत मुलींना तिचे नाव ठेवले गेले. त्या घरांना इटलीतले शहर नव्हे, ती बाईच आठवत असणार.

माझ्या मुलीचे नाव मी मरवा ठेवले आहे. येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाईल. कोणी हसले तर काय सांगायचे, ते तिला आतापासूनच पाठ आहे.