नट आवळायलाही माप हवे

कापडाच्या धंद्यात हाताने माल मोजून विकता येत नाही. १९५८ पासून देशात दशमान पद्धतीची मापे येऊ लागली, गज गेला, मीटर आला. दुकानातील मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो आणि चार बोटे कापड कमी भरले तर गिऱ्हाईक भांडते. पण हाच माल ज्या टेम्पोतून शेंदूरजनाघाटला येतो, त्याच्या चाकाचे नट मात्र मिस्त्रीच्या हाताच्या अंदाजावर आवळले जातात. हा कुठला हिशेब?

नट आवळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. एक मीटर लांब दांडीच्या टोकावर दहा किलोचा जोर लावला, की दहा किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. लहान गाड्यांच्या चाकाच्या नटाला साधारण एवढाच लागतो, मोठ्या ट्रकला कितीतरी पट जास्त. आता अर्ध्या मीटरच्या पान्यावर साठ किलोचा माणूस उभा राहिला तर तीस किलोग्रॅम-मीटर झाले, म्हणजे लहान गाडीच्या गरजेच्या तिप्पट! "जितके घट्ट तितके मजबूत" ही समजूत चुकीची आहे. ढिला नट गळून पडतो, आणि फाजील आवळलेला बोल्ट ताणून आतून कमजोर होतो व पुढे भर रस्त्यात तुटतो.

बरोबर आकडा कुठे मिळतो? गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत काही आकडे असतात. बाकीचे कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचे मॉडेल आणि साल सांगून विचारावे. दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नये. एकक नीट पाहावे. १०० फूट-पौंड म्हणजे सुमारे १३६ न्यूटन-मीटर. ही गफलत झाली तर नट एक तृतीयांशाहून जास्त आवळला जातो. आटे स्वच्छ ठेवावेत, पण कंपनीने सांगितल्याशिवाय त्यांना तेल लावू नये, कारण तेलाने घर्षण घटते आणि त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

काही जण म्हणतील, उस्तादाचा हात चुकत नाही. त्या हाताची आम्हालाही कदर आहे. आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये शागिर्दी करूनच पोटाला लागली. परंतु आजच्या इंजिनात ॲल्युमिनियमचे भाग आहेत, हेडचे बोल्ट ठराविक क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. तिथे नुसता तजुर्बा पुरत नाही. शिंपी कितीही कसलेला असो, तो टेप गळ्यातून काढत नाही.

टॉर्क पाना प्रत्येकाला परवडेलच असे नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. गावातील टेम्पोमालक, संत्र्याचे व्यापारी आणि गॅरेजवाले यांनी वर्गणी काढून एक चांगला पाना घ्यावा, तो वेळोवेळी तपासून घ्यावा, आणि इथे चालणाऱ्या गाड्यांचे आकडे मराठीत लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावावेत. त्या पान्याने गंजलेले नट खोलू नयेत. काम झाले की त्याचा आकडा सर्वात खाली आणून ठेवावा.

संत्र्याच्या हंगामात आमच्या भागातून भरलेल्या गाड्या रात्रंदिवस निघतात. चाक निखळले तर माल भरून काढता येईल. ड्रायव्हर आणि क्लीनरच्या घरचे नुकसान कोण भरून देणार? व्यापारी बंधूंनी हा विचार हंगामाआधीच करावा.