प्रश्न लिहून द्या, ताई

आमच्या भागातल्या एक आमदारबाई विधिमंडळाच्या एका समितीवर आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला : समितीपुढे अधिकारी येणार आहेत, बालन्याय, तुरुंग आणि हवामानबदल या तीन विषयांवर त्यांना विचारायचे प्रश्न लिहून द्या, ताई. बैठकीत मी निरोप वाचून दाखवला आणि कुजबूज सुरू झाली. "यात बायकांचं काय आहे?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "दारूचा, रेशनचा प्रश्न असता तर समजलं असतं. गुन्हेगार पोरांची बाजू आपण कशाला घ्यायची?"

हा दुसरा सवाल मला दहा वर्षांहून जास्त काळ छळतो आहे. म्हणून आधी तोच घेते.

२२ डिसेंबर २०१५. आम्ही आठ-दहाजणी गटाच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. राज्यसभेत बालन्याय विधेयकावर चर्चा चालू होती. २०१२ साली दिल्लीत बसमध्ये बलात्कार होऊन जी मुलगी गेली, तिचे आईवडील प्रेक्षक सज्जात बसले होते. त्या गुन्ह्यातला अल्पवयीन मुलगा तीन वर्षं पुरी करून दोनच दिवसांपूर्वी सुटला होता. सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालवता येईल, असं ते विधेयक. ते मंजूर झालं तेव्हा आमच्यातल्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण तोंडही उघडलं नाही. त्या आईच्या चेहऱ्याकडे बघून काही बोलायची हिंमतच झाली नाही.

खरं तर बोलण्यासारखं सगळं तेव्हा छापलेलं होतं. हे विधेयक आधी संसदेच्या मनुष्यबळ विकास विषयाच्या स्थायी समितीकडे गेलं होतं. समितीनं फेब्रुवारी २०१५ मध्ये अहवाल दिला. मुलांचे गुन्हे भयंकर वाढलेत असं सरकार म्हणत होतं. समितीनं विचारलं, हे कशावरून? सरकारनं दाखवलेले आकडे पोलिसांत नोंदलेल्या तक्रारींचे होते, गुन्हा शाबित झालेल्यांचे नव्हते. देशातल्या एकूण गुन्ह्यांत मुलांचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास होता. मुलांना प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत ढकलणं राज्यघटनेच्या समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काला धरून नाही, असंही समितीनं स्वच्छ लिहिलं. सरकारनं तिचं ऐकून एक कलम वगळलं, मूळ मुद्दा मात्र तसाच ठेवला. विधेयक प्रवर समितीकडे पाठवा म्हणणारे मार्क्सवादी कम्युनिस्ट सदस्य सभात्याग करून गेले, तेही आम्ही टीव्हीवर पाहिलं.

आणि वर्मा समिती? जानेवारी २०१३ मध्ये आलेला तिचा अहवाल आपण शिबिरांतून वाचून दाखवला. नवऱ्यानं केलेला बलात्कार हाही बलात्कारच, हे पान तर आम्ही मोठ्यानं वाचायचो. मुलांची वयोमर्यादा अठराच्या खाली आणू नका, हे त्याच अहवालात होतं. ते पान आम्ही भरभर उलटलं.

या कायद्याचं पुढे काय झालं ते वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं. त्यात बलात्काराला किमान सात वर्षांची शिक्षा होती, २०१९ मध्ये ती दहा झाली. बालन्याय कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा असेल तो गुन्हा निर्घृण. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा राजीखुशीनं पळून गेले, मुलीच्या बापानं तक्रार केली, की तो मुलगा थेट या कलमात येतो. आमच्या गटाकडे अशी जी प्रकरणं आली त्यांत बहुतेक वेळा मुलीच्या घरच्यांचा खरा आक्षेप मुलाच्या जातीवर होता. मुलगा रिमांड होममध्ये आणि मुलगी बालगृहात. "मला तिथे डांबा असं मी कधी म्हटलं?" हे एका मुलीनं मला विचारलं आहे. आपल्या सुरक्षिततेच्या नावानं मागितलेला कायदा बापाच्या आणि जातीच्या हातातली काठी झाला. मागताना हे आपल्याला दिसायला हवं होतं.

कुणी म्हणेल, पुण्याचं काय? मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलानं महागड्या गाडीखाली दोघांना चिरडलं आणि मंडळानं तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. संताप आम्हालाही आला. पण त्या प्रकरणात पोराच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून अटक झाली ती डॉक्टरांना, म्हणजे मोठ्या माणसांना. त्याला प्रौढ ठरवा हा पोलिसांचा अर्ज मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळला. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. मोबाईल चोरल्याच्या संशयावरून उचललेल्या पारध्याच्या पोराला कुणी कधी निबंध लिहायला सांगितला आहे का?

तुरुंगाच्या विषयात तरी आपण उपऱ्या नाही. शीला बर्से यांनी परवानगी काढून मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायकांशी बोलणं केलं. पाचजणींनी सांगितलं, पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. बर्सेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये आदेश झाला : बायकांना वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांसमोरच. पुढे त्यांनीच देशभरच्या तुरुंगांत किती मुलं डांबली आहेत हे विचारलं, आणि १९८६ मध्ये न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगात जाऊन बघायला लावलं. म्हणजे बालन्याय आणि तुरुंग हे दोन विषय एका बाईनंच एकत्र हाताळले होते. आपण नंतर ते वेगळे केले.

आजचा हिशेब बघा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जागा होत्या आणि माणसं ५,७३,२२०. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला संपलेला नाही असे. बायका २३,७७२. त्यांतल्या १,५३७ जणींबरोबर त्यांची १,७६४ मुलं आत होती, आणि या आयांपैकीही १,३१२ कच्च्या कैदी.

सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत ठेवायला मुभा दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेच्या गृह खात्याच्या स्थायी समितीनं तुरुंगांवरच्या अहवालात सुचवलं की हे वय बारा करावं. शिफारस कळवळ्यानं केली असेल, पण ती वाचून मी कपाळावर हात मारला. बारा वर्षांचं मूल तुरुंगात! शिक्षा न झालेली आई आत का आहे, तिला जामीन का मिळत नाही, हे आधी विचारायला नको? पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात आहे (जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून). आपल्या जिल्ह्यात या कलमाखाली किती बायका सुटल्या? हा आकडा दिल्लीत मागितला तर उत्तर मिळतं, तुरुंग हा राज्याचा विषय. राज्यात मागितला तर, माहिती घेण्यात येत आहे. २०१७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये या कैदी बाईनं अंडी-पाव कमी आल्याची तक्रार केली. मारहाणीत ती मेली आणि तुरुंगाच्याच सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप आला. पहाऱ्यावर बाई ठेवली म्हणजे झालं, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

राहिला हवामानाचा विषय. यावर बैठकीत हसू झालं, कारण हवामान म्हटलं की वातानुकूलित सभागृहातल्या परिषदा डोळ्यासमोर येतात. तेव्हा बीडकडची आमची कार्यकर्ती म्हणाली, "पाऊस गेला की उचल घ्यायची, उचल घेतली की कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळी नको, म्हणून पिशवी काढायची." मग हसू थांबलं. जून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत हा विषय काढला, तेव्हा सरकारला सांगावं लागलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कुणी विचारलं नसतं तर हे आकडे कागदावर आलेच नसते. समिती नेमून सगळं सुटलं नाही, फडावर अजून बाथरूम नाही. पण आता "आम्हाला माहीत नव्हतं" असं कुणा मंत्र्याला म्हणता येत नाही.

आणि दुष्काळाच्या वर्षी फडावर जाताना वयात आलेल्या मुलीला मागे एकटी ठेवायची कुठे? म्हणून तिचं लग्न. ते नको म्हणून पळून गेली तर तिच्याबरोबरचा पोरगा रिमांड होममध्ये. तीन खाती वेगळी असतील, घर एकच असतं.

शेवटी आम्ही नऊ प्रश्न लिहिले. आमच्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत किती मुलांना प्रौढ ठरवलं, त्यांत मुलीची स्वतःची तक्रार किती प्रकरणांत होती. महिला कैद्यांपैकी ४७९ कलमाला पात्र किती, सुटल्या किती, जामीन होऊनही पैसे भरता न आल्यानं आत किती. उन्हाळ्यात बराकीत पाणी किती वेळा येतं. हवामान कृती आराखड्यात ऊसतोड कामगार बाईचा उल्लेख कोणत्या पानावर आहे. नसेल तर का नाही. पोरांबद्दलच्या प्रश्नाला आमची एक मैत्रीण शेवटपर्यंत कबूल झाली नाही. तिची स्वतःची भाची गमावलेली आहे. तिचं म्हणणं आम्ही ऐकून घेतलं, इतिवृत्तात लिहिलं आणि प्रश्न ठेवला.

प्रश्न परवा आमदारबाईंच्या हाती दिले. उत्तरं येतील तशी या पानांवर छापू, "माहिती घेण्यात येत आहे" असं आलं तर तेही. तुमच्या जिल्ह्यातल्या रिमांड होमला किंवा महिला तुरुंगाला कुणी आत जाऊन आली असेल तर तिनं काय पाहिलं ते पुढच्या अंकाआधी कळवा. दुसऱ्या यादीचं काम सुरू आहे.