पत्रिकेतले मूल आणि घरातले मूल

आपल्याकडे मूल जन्माला आले की दोन कागद तयार होतात. एक सरकारी जन्मदाखला आणि दुसरी जन्मपत्रिका. पहिला कागद मूल केव्हा आणि कोठे जन्मले एवढे सांगून गप्प बसतो. दुसरा मात्र त्यापुढे जाऊन ते मूल स्वभावाने कसे आहे, हट्टी की समजूतदार, आईच्या वळणाचे की बापाशी न पटणारे, हेही सांगू लागतो. आणि हे सारे त्या मुलाने पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी! मित्रहो, माझा आक्षेप नेमका येथे आहे.

आपल्या बेळगावात पाटीवरच्या अक्षरांवरून पुष्कळ वाद झाले, पण पंचांगावरून झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मराठी घरातली पत्रिका कन्नड घरात 'जातक' होते, एवढाच काय तो फरक. नक्षत्रे दोन्हीकडे सत्तावीस, गण दोन्हीकडे तीन. तेव्हा मासिकाच्या मराठी विभागात लिहीत असलो, तरी पलीकडच्या विभागातील मित्रांनीही हे आपल्याच घरचे समजावे.

आधी थोडा हिशेब करू. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल, त्यावरून मुलाचा गण ठरतो. सत्तावीस नक्षत्रांपैकी नऊ देवगणाची, नऊ मनुष्यगणाची आणि नऊ राक्षसगणाची. म्हणजे साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सुमारे वीस राक्षसगणी निघणार. (आमच्या काही प्राध्यापकांना हा आकडा कमी वाटेल, तो भाग वेगळा!) चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणून प्रसूतिगृहात एकाच दिवशी जन्मलेल्या बाळांचे नक्षत्र बहुधा एकच असते. पण तिसऱ्या दिवशी तिथल्या आयांना विचारा. एकीचे बाळ रात्रभर रडते, दुसरीचे दूध प्यायलाही उठत नाही.

यावर जाणकार म्हणतील, "नुसत्या नक्षत्रावर काय जाता? लग्नरास दर दोन तासांनी बदलते, संपूर्ण पत्रिका पाहायला हवी." ठीक आहे. संपूर्ण पत्रिकाही पाहून झाली आहे. 2008 साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन यातले हुशार कोण आणि मतिमंद कोण, एवढेच विचारले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी आली सुमारे 46 टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नास टक्के आली असती! दोन मुलांमधला एवढा ढळढळीत फरक ज्या कागदावर उमटत नाही, त्या कागदावर मुलाच्या मनातले बारीक दुखणे कसे उमटावे?

मग पत्रिकेतले वर्णन पटते कसे? त्याचे उत्तर बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली दिले. त्याने आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझे वर्णन' म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. नंतर उघड झाले की सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि त्यातली बरीचशी वाक्ये त्याने भविष्याच्या एका पुस्तकातून उचलली होती. "वरून कठोर, आतून हळवा", "प्रेमाचा भुकेला", "मनासारखे झाले नाही तर चिडतो" हे कोणत्या मुलाला लागू पडत नाही? आता तर मोबाईलवर जन्मवेळ टाकली की बाळाच्या 'भावनिक गरजा' क्षणात हजर होतात. साधन बदलले, वाक्ये तीच आहेत.

"असेना का खोटे, त्यात बिघडले काय?" असे कोणी विचारील. काय बिघडते ते मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. तेथे चार वर्षांचा एक मुलगा होता. हाक मारली तरी वळून पाहायचा नाही, सांगितलेले ऐकायचा नाही, मधेच किंचाळायचा. घरात त्याच्या वागण्याचे कारण आधीच ठरलेले होते. "राक्षसगणी हाय न्हवं, तसंच वागणार की," असे आजी म्हणायची आणि आई मान खाली घालायची. एक शांत झाली, दुसरीची तयारी चालली होती. बालवाडीतल्या बाईंना पत्रिका ठाऊक नव्हती. त्यांनी एवढेच पाहिले, की हे पोर समोरून बोलले तर ऐकते आणि पाठीमागून बोलले तर ऐकत नाही. कान तपासले, तेव्हा कळले की वारंवार कान वाहून त्याला कमी ऐकू येत होते. उपचार सुरू झाले. घरच्यांचे प्रेम काही कमी नव्हते. त्यांना उत्तर आधीच मिळाले होते, म्हणून प्रश्न पडला नाही, इतकेच. पत्रिका चुकते यापेक्षा ती पाहणे थांबवते, हा तिचा मोठा दोष मला वाटतो.

तथापि ज्योतिषाकडे जाणाऱ्या आईला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती तेथे का जाते? कारण तेथे कोणीतरी तिला समोर बसवून तिच्या मुलाविषयी अर्धा तास बोलते. शाळेत तिला गुणपत्रिका मिळते, दवाखान्यात चिठ्ठी मिळते, "तुमचा मुलगा कसा आहे हो?" असे कोणी विचारीत नाही. ही पोकळी आपण, शिकलेल्या माणसांनी, रिकामी ठेवली आहे. ती भरणे शक्य असते, हे ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. 1945 साली त्यांनी बोर्डीला कार्य सुरू केले. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. मूल कसे आहे हे कळायला मुलाजवळ बसावे लागते, हा त्या कार्याचा साधा अर्थ मला दिसतो.

आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, आणि त्याहून अधिक जण आईबाप होतील. त्यांना माझी एक विनंती आहे. मुलाचे काही समजेनासे झाले, तर पत्रिका काढण्यापूर्वी आठ दिवस एक वही ठेवा. ते केव्हा रडते, कोणाजवळ गेले की शांत होते, झोप कशी आहे, कशाला भिते, पाठीमागून मारलेली हाक त्याला ऐकू येते का, हे रोज चार ओळीत लिहा. मग ती वही घेऊन शिक्षकांना भेटा, डॉक्टरांना भेटा. त्यानंतरही वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर ज्योतिषाकडे जावे लागले, तर खुशाल जा. पण ती वही तेथेही सोबत न्या आणि कुंडलीच्या आधी ती त्यांना वाचायला द्या.