घरी परतलेले दुबळे बालक आणि आपला समाज

व्यापार आणि दानधर्म ही सुरतेच्या जैन समाजाची दोन अंगे होत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस या बंदरात आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने आपल्या प्रवासवर्णनात येथील जनावरांच्या इस्पितळाची नोंद मोठ्या नवलाने केली आहे. लंगड्या, रोगी व म्हाताऱ्या पशूंना येथील वाणी लोक आश्रय देतात, हे त्याला अपूर्व वाटले. ज्या जीवापासून काही मिळण्याची आशा नाही, त्याचाही जगण्याचा हक्क मानणारी ही परंपरा आहे. तिच्या वारसांपुढे आम्ही आज एक लहानसा दिसणारा, परंतु निकडीचा प्रश्न मांडू इच्छितो.

सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले, अडीच किलोहून कमी वजनाचे, अथवा जन्मतःच हृदयाचा वा फुफ्फुसाचा दोष असलेले मूल इस्पितळात असते, तोवर त्याच्याभोवती डॉक्टर, परिचारिका व यंत्रे असतात. तेथील काचेच्या पेटीवर दात्याचे नावही कोरलेले असते. त्यात काही गैर नाही. त्या पेटीने अनेक जीव वाचविले आहेत. पण ज्या दिवशी मूल घरी येते, त्या दिवशी पेढे वाटले जातात आणि सर्वांचे लक्ष दुसरीकडे वळते. वास्तविक तेव्हाच आईवडिलांची खरी परीक्षा सुरू होते. दर दोन तासांनी दूध पाजणे, अंग उबदार राखणे, श्वासाकडे लक्ष ठेवणे, ठरल्या दिवशी तपासणीस नेणे, ही कामे आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनेच्या महिने चालतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, आपले दान इस्पितळाच्या दारापाशी थांबते आणि गरज मात्र दाराबाहेर पुढे चालू राहते.

घरातील काळजीने मुले वाचतात, ही भाबडी कल्पना नव्हे. महाराष्ट्रातच याचा दाखला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची सेवा सुरू केली. तेथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ अर्भके पहिल्या महिन्यात दगावत; १९९८ पर्यंत ते प्रमाण २५ च्या आसपास आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारली. बाळाला छातीशी उघड्या अंगाला अंग लावून धरण्याची ‘कांगारू’ पद्धत कोलंबियातील बोगोटा शहरी १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघाली. हरियाणात आठ हजारांवर कमी वजनाच्या बालकांची पाहणी झाली. ज्या मातांना ही पद्धत घरी शिकविली गेली, त्यांच्या अर्भकांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. या उपायास यंत्र लागत नाही. लागते ती मोकळी छाती आणि मोकळा वेळ. ही ऊब बापाला, आजीलाही देता येते.

परंतु मोकळा वेळ हीच गरिबाच्या घरी सर्वांत महाग वस्तू आहे. आपल्या पेढ्यांतून व मागांच्या कारखान्यांतून राबणारी किती कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन लिंबायत, उधना, पांडेसरा येथे राहिली आहेत, हे सभासदांस सांगावयास नको. एका खोलीत बिऱ्हाड, वर तापलेला पत्रा, सासू गावी, नवऱ्याची बारा तासांची पाळी. अशा आईने मुलाला छातीशी धरून बसावे, तर चूल कोणी पेटवावी? मोठ्या घरांतही अडचण निराळ्या रूपाने असतेच. तेथे माणसे पुष्कळ असतात, पण बाळ पाहावयास येणाऱ्यांची रीघ आणि सल्ल्यांची गर्दी यांनीच बाळंतीण थकून जाते.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे; व्यापारी मंडळाने त्यात का पडावे? सरकारची आशा कार्यकर्ती इस्पितळात जन्मलेल्या बालकाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते, आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण मधल्या दिवसांचे काय? व्यापारी माणसास रोजमेळाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. वर्षातून सहा वेळा वही उघडून पेढी चालत नाही. बाळाची काळजीही तशीच रोजची आहे. १९९४ ची प्लेगची साथ असो वा २००६ चा तापीचा पूर असो, संकट कोसळले की हे शहर धावून जाते. येथे आठवड्याभराची धाव पुरत नाही. येथे थोडे, पण नेमाने द्यावे लागते.

यास्तव आमची सूचना अशी आहे. मंडळाने एक लहान बालसेवा निधी काढावा आणि त्यास चार-पाच जाणत्या भगिनींची समिती जोडावी. घरी आलेल्या दुबळ्या बालकाच्या आईस चाळीस दिवस दोन वेळचा डबा पोचवावा. आपल्याकडे कायम तिथी लावण्याची रीत आहेच. रात्री-अपरात्री १०८ ची गाडी येण्यास विलंब झाल्यास कोणाची मोटार निघेल, याची यादी आधीच ठरलेली असावी. कामगाराच्या घरी असे मूल असेल, तर मालकाने त्यास काही दिवसांची भरपगारी रजा द्यावी. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बालकाचे डोळे महिन्याच्या आत तपासले न गेल्यास पडद्याच्या विकाराने दृष्टी जाऊ शकते. त्या तपासणीस नेणारे माणूस समितीने द्यावे.

मदतीलाही मर्यादा हवी. सेवेस जाणाऱ्याने हात धुवावे, खोकला असल्यास उंबरठा ओलांडू नये. मध आपल्याकडे वर्ज्यच आहे. तो घुटीच्या नावाखालीही बाळाच्या तोंडी जाऊ नये. मूल दूध ओढेनासे झाले, अंग थंड वा तापलेले लागले, श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाले, वा झटका आला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. घरची सेवा डॉक्टरांना जोड आहे, पर्याय नव्हे. आणि त्या कुटुंबाचे नाव अथवा छायाचित्र कोठेही छापले जाऊ नये, आमच्या या स्मरणिकेतसुद्धा.

अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण मानतो. रात्री दोन वाजता बाळाचा श्वास मोजीत बसलेल्या आईला ‘मी एकटी नाही’ एवढे वाटणे, हेही अभयच होय. त्यासाठी मोठी रक्कम लागत नाही, पाटी लागत नाही; लागतो तो नेम. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी या सूचनेचा विचार करावा आणि पुढील पर्युषणापूर्वी निदान एका वस्तीत तरी कामास आरंभ व्हावा, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.